अस्तराची बाजू

“रडू नका हो,” शेजारच्या सीटवरच्या बाई तिच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “होतं सगळं नीट.”

ती रडत नव्हती. रोजच्यासारखी बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. चष्म्याच्या दुकानाचं अर्धं वर गेलेलं शटर, त्याखाली दिसणारे दुकानदाराचे नुसते पाय, सिग्नलला एक पाय टेकून थांबलेला सायकलवाला, आणि या सगळ्यावर सकाळचं पातळ, दुधाळ ऊन. रात्री झोप बरी लागली होती. सकाळी नवऱ्याशी भांडण झालं नव्हतं, उलट पाव करपला म्हणून दोघं हसली होती. रडण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. ‘मी रडत नाहीये’ एवढं सांगायला तिनं तोंड उघडलंही, पण त्या बाईंच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की नाही म्हणणं म्हणजे कुणी प्रेमानं वाढलेलं ताट सरकवून देण्यासारखं झालं असतं. म्हणून ती “हो” म्हणाली. बाईंनी तिचा हात जरा दाबला, तिच्या पोटाकडे एकदा बघून घेतलं आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेल्या. उतरल्यावर फुटपाथवरून वळून त्यांनी मान हलवली, धीर धरा अशा अर्थानं. बस निघाली. तिनं चष्मा काढून डोळ्यांखाली बोट फिरवलं. कोरडं होतं. पण बोटाला नेहमीचं हाड लागलं नाही, मध्ये काहीतरी मऊ येऊन बसलं होतं.

माणूस आपल्या नकळत रडू शकतं का, हा विचार करत ती थांब्यापासून हॉस्पिटलच्या मागच्या दारापर्यंत चालत आली. घोरणाऱ्याला कुठे आपलं घोरणं ऐकू येतं? आई गेली तेव्हा ती रडली नव्हती. लोक भेटायला येत होते, बसत होते, उठत होते, आणि ती सगळ्यांना चहा करत होती, कप धूत होती, पुन्हा चहा करत होती. मावशी म्हणाली होती, “अगं, रड एकदाची, नाहीतर आत साचून राहील.” तेच साचलेलं आता निघत असेल, रात्री झोपेत, उशीवर. ही कल्पना तिला आवडली. ती कल्पना अंगाभोवती गुंडाळून घेत ती पायऱ्या उतरली. तसं बघितलं तर डोळ्यांखालच्या त्या मऊपणाला दुसरंही कारण असू शकत होतं, आणि जगात ते कारण नीट समजावून सांगू शकणारी जी काही माणसं असतील त्यांत तिचा नंबर बराच वर लागला असता. पण आठवा महिना नुकता कुठे लागला होता. बाळाला अजून आत राहायचं होतं, फुप्फुसं पिकायची होती, अंगावर मांस चढायचं होतं. तेव्हा कारण आईच बरी.

प्रयोगशाळा तळघरात होती आणि बाळंतिणींचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. मधल्या लिफ्टनं झाकणाच्या बाटल्या खाली यायच्या, आणि बाटलीत, मिठाच्या पाण्यात बुडवलेली, नुकतीच कापलेली नाळ. जिनं आधी संमती दिली असेल तिचीच. बाटल्या आणायला ती स्वतः वर जायची म्हणून वॉर्डातल्या सिस्टर तिला ‘नाळवाली’ म्हणत. तिला हे नाव फार पसंत होतं. डॉक्टरेटपेक्षा ते मिळवायला जास्त वर्षं लागली होती. अलीकडे तिचं पोट दिसायला लागल्यापासून तर सिस्टर लोकांना ऊतच आला होता. “काय नाळवाली, स्वतःची बाटली धुऊन ठेवलीय ना?” असं कुणी ना कुणी विचारायचंच, आणि मग सगळ्या हसायच्या, तीही हसायची.

त्या दिवशी बाटली आधीच येऊन पडली होती. चिमणीनं वरून आणली होती. चिमणी म्हणजे तिची जोडीदारीण, वयानं लहान, अंगानं चिमणीएवढी आणि तोंडानं चिमण्यांच्या थव्याएवढी. “ताई, तुम्ही बसा, मी करते,” ती म्हणाली. पण नाळेचं काम नाळवाली कुणाला देत नसे. तिनं हातमोजे चढवले. ते आज चढता चढत नव्हते, डबा चुकीच्या मापाचा आला असणार. मग नाळ ताटलीत घेऊन, कोमट पाण्यानं पुसून, तिनं नाळेचं तोंड शोधलं. नाळेत तीन नळ्या असतात, दोन अरुंद आणि कोंदट, एक ऐसपैस. त्या ऐसपैस नळीत बोथट सुई सारायची, दोऱ्यानं आवळायची, आतलं रक्त धुऊन काढायचं, मग अस्तर सुटं करणारं औषध भरून दुसऱ्या टोकाला चिमटा लावायचा आणि नाळ जरा वेळ उबेत ठेवायची. नंतर संपत आलेली टूथपेस्ट पिळतात तशी ती हलक्या बोटांनी पिळत आणायची. आतून निघतं ते गढूळ पाणी. त्याच्यासाठीच सगळी खटपट. ते पाणी चपट्या बाटलीत ठेवलं की दुसऱ्या दिवसापर्यंत पेशी तळाला चिकटतात, वाढतात, शेजारणीला हात लागला की थांबतात, आणि काही दिवसांत एकसंध, एकपदरी फरशी तयार होते. इतक्या वर्षांनंतरही ती फरशी सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसली की तिला आंघोळ करून आल्यासारखं वाटायचं.

तेच अस्तर आपल्या अंगात सगळीकडे असतं, डोक्यापासून नखापर्यंत, प्रत्येक नळीच्या आतून, हृदयाच्या आतूनसुद्धा, आणि जाडी म्हणाल तर एका पेशीएवढी. शाळेच्या पुस्तकात त्याला जेमतेम एक ओळ मिळते. पाइपाला आतून रंग दिलेला असावा, तसं. खरं म्हणजे घर तेच चालवत असतं. नळी कधी सैल सोडायची, कधी आवळायची, पाणी कुठे झिरपू द्यायचं, रक्त कुठे गोठू द्यायचं आणि कुठे मुळीच नाही, हे सगळं ते ठरवतं आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ते बिघडलं की मग बाकीचे बोलायला लागतात. मूत्रपिंड बोलतं, डोळे बोलतात, पाय बोलतात.

आईचे पाय बोलले होते. आई कोट शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, लांब टेबल, खडूची पूड, आणि कोपऱ्यात अस्तराच्या कापडाचे गुळगुळीत गठ्ठे, ज्यांवर गाल ठेवून लहानपणी ती झोपायची. ते कापड गालाला आधी गार लागायचं आणि मग हळूहळू आपल्याच उबेनं ऊबदार व्हायचं. गिऱ्हाइकं म्हणायची, “अस्तर साधंच घाला हो, कुणाला दिसतंय?” आई तोंडात टाचण्या धरून, त्यांच्या आडून उत्तर द्यायची, “तुम्हाला दिसू नये म्हणूनच चांगलं घालायचं.” दुसऱ्याच्या दुकानातला कोट हातात घेतला की ती आधी उलटा करायची. बाहेरची बाजू तिनं कधी बघितल्याचंच आठवत नाही. पुढे साखर वाढली, पायाला जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की तुमच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब झालंय. आई म्हणाली, “एवढंच ना? मग उसवा आणि नवीन घाला की.” डॉक्टर हसले, आई हसली. ती मात्र हसली नव्हती. आपण ज्याच्यावर रोज काम करतो ते हेच, आणि आपल्याला ते उसवून नवीन घालता येत नाही, हे तिला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या पहिल्यांदा कळलं, आणि आईचा भयंकर राग आला. आजही तो राग आला की पाठोपाठ आईच्या हाताचा वास येतो, मशीनच्या तेलाचा.

“ताई, नाळ गार होतेय,” चिमणी म्हणाली.

ती भानावर आली. खोलीत यंत्रांची संथ घरघर होती, पाण्याखाली असल्यासारखी. डोकं जरा जड होतं. तिच्या प्रयोगशाळेचा विषयच मुळी हा होता: काही गरोदर बायकांच्या बाबतीत बाळाला पोसणाऱ्या वारेला रक्त कमी पडतं, मग ती वार आईच्या रक्तात काहीबाही सोडायला लागते, आणि त्यानं आईच्या अंगातलं सगळं अस्तर बिथरतं. फटी पडतात, पाणी बाहेर झिरपतं, तोंड-हात सुजतात, नळ्या आवळतात, दाब चढतो. वेळीच लक्ष गेलं नाही तर डोळ्यांपुढे उजेड नाचतो, आणि मग झटके. दोन्ही जीव जाऊ शकतात. औषधांनी थोडे दिवस मारून नेता येतं, पण खरा इलाज एकच, वार बाहेर काढणं, म्हणजे बाळ बाहेर काढणं, ते तयार असो वा नसो. हे ती परदेशांतल्या सभांमधून चित्रांसकट सांगून आली होती. अशा बायकांच्या रक्तातलं पिवळसर पाणी, सीरम, तिच्याकडे आकडा लिहिलेल्या इवल्याशा नळ्यांतून यायचं. ते निरोगी फरशीवर घालायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी फटी मोजायच्या. आकड्यांमागची एकही बाई तिनं कधी बघितली नव्हती. तशी गरजच पडली नव्हती.

आता वर गेलं तर काय होईल हेही तिला पाठ होतं. बीपीचा पट्टा बांधतील, एकमेकींकडे बघतील, ‘जरा पडून राहा’ म्हणतील, आणि मग त्या खाटेवरून ती दोघं एकत्र उठणार नाहीत. बाळ काढून घेतील. तिच्या आत ते आत्ता वळत होतं, गुडघा की टाच कोण जाणे, बरगडीखाली टेकवून परत ओढून घेत होतं, झोपेत पांघरूण सारखं करावं तसं. इतकं स्वस्थ माणूस तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. केवळ बसमधल्या एका बाईला आपण रडतोय असं वाटलं, म्हणून याला याच्या घरातून उठवायचं? आधी खात्री करून घेतली पाहिजे. आणि खात्री करून घेण्याची एकच रीत तिच्या हाताला माहीत होती.

“चिमणे, निरोगी गरोदर बाईचं सीरम संपलंय ना आपलं? तुलनेला लागतं ते?”

“संपलंय कधीचं. वर सांगून ठेवलंय, पण आपल्याकडे कोण बघतंय?”

“मी आहे की. काढ माझं रक्त.”

चिमणी टाळ्या पिटायचीच बाकी राहिली. “अय्या, हो की! घरचीच गरोदर बाई असताना आपण गावभर शोधतोय!” तिनं सुई आणली, दंड बांधला, शीर शोधायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, “आज शिरा कुठे दडल्यात ताई तुमच्या?” असं म्हणत. रक्त नळीत चढत गेलं. खिडकीच्या वरच्या झडपेतून रस्त्यावरून जाणारे बूट दिसत होते, नुसते बूट, जाणारे आणि येणारे. चिमणी कापूस दाबत म्हणाली, “पट्टा लावू का? रक्त देणाऱ्याचं बीपी लिहायचं असतं ना.” बीपीचं यंत्र भिंतीवरच होतं. हात लांब केला असता तर पोचला असता.

“राहू दे,” ती म्हणाली, “मागच्याच आठवड्यात वर बघितलंय.”

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई ‘थोडंसं वर आहे, लक्ष ठेवू’ म्हणाल्या होत्या. पण हे चिमणीला सांगण्याची काही गरज नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा, असं तिला त्या क्षणी वाटलंच नाही असं नाही. वाटलं आणि विरघळून गेलं, पाण्यात साखर विरघळावी तसं. चिमणीनं नळीवर ‘निरोगी’ असं लिहिलं, बारीक, वळणदार अक्षरात. त्या शब्दाकडे बघून तिला खूप बरं वाटलं. दुपारी तिनं स्वतःच ते सीरम एका सुंदर, पूर्ण भरलेल्या फरशीवर घातलं आणि ताटली उबदार कपाटात ठेवली. दार लावताना तिनं काचेवर क्षणभर कपाळ टेकलं. आता आपल्या हातात काही नाही, सकाळी काय ते कळेल. परीक्षेचा पेपर देऊन आल्यावर येतं तसलं हलकेपण अंगात आलं होतं.

संध्याकाळी नवरा टेबलावर नकाशे पसरून बसला होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि मुलांनी काढलेल्या नद्या तपासणं हे त्याचं संध्याकाळचं काम. “हे बघ, यानं नदी समुद्रातून काढून डोंगरावर नेलीय,” तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून त्यानं पेन खाली ठेवलं. “तुझं नाक मोठं झालंय का गं?”

“नाकापेक्षा मोती जड नको म्हणून वाढवलंय.”

“तसं नाही, सगळा चेहराच. डोळे बघ. बरं वाटतंय ना तुला?”

“वाकून काम केलंय दिवसभर. पाणी उतरतं चेहऱ्यात.”

तो भूगोलाचा माणूस, पाणी उतारानं वाहतं हे त्याला पटलं. त्यानं बटाटे सोलले, तिनं मीठ घातलं नाही, त्यानं विचारलं नाही. ती कोचावर पाय वर घेऊन पडली. नकाशे सरकण्याचा आवाज येत होता. डोक्यामागे दुखत होतं, पण तेही लांबून, शेजारच्या घरात कुणीतरी खिळा ठोकत असल्यासारखं. तिला वाटत होतं की आपण आतून दिसतोय. शंभर खोल्या, शंभर जिने, सगळीकडे तीच एकपदरी फरशी, आणि तिच्यावरून लाल पाणी न थांबता वाहतंय. बाटलीतल्या पेशी वाटेल तशा पडलेल्या असतात, कुणाचं तोंड कुठेही, कारण तिथे प्रवाह नसतो. अंगातल्या मात्र सगळ्या प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून लांब होतात. त्यांना कुणी सांगत नाही. आई कापडाचा धागा बोटानं ओळखायची, डोळे मिटून, इकडून उभा, इकडून आडवा. आईला ही फरशी दाखवायची राहून गेली. तिनं ताटली उलटी करून बघितली असती. बाळ पोटात वळलं. मग पुन्हा वळलं का, ते तिला झोपेत आठवेना.

सकाळी चिमणीच्या आधी ती पोचली. कोटही न काढता तिनं ताटली काढून सूक्ष्मदर्शकाखाली सारली आणि डोळे टेकवले. फरशी जशीच्या तशी होती. एकही फट नाही. पेशी एकमेकींना खेटून, प्रत्येकीच्या मधोमध तिचा डोळ्यासारखा गोल, सगळ्या स्वस्थ. ती ताटली इकडून तिकडे सरकवत गेली. कडेला, मध्ये, पुन्हा कडेला. कुठेच काही नाही. बघ, ती पोटाला म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते? आता खुशाल राहा हवं तितकं. तिला सगळ्या जगाबद्दल प्रेम वाटत होतं, बसमधल्या त्या बाईबद्दलसुद्धा. पेशींच्या कडेनं एक सुंदर उजेड चमकत होता, वाकडातिकडा, करवतीच्या दातांसारखा, आधी डाव्या बाजूला आणि मग हळूहळू मधे सरकत. पाण्यावर ऊन पडल्यासारखा. ती बघत राहिली. असा उजेड तिनं पेशींवर कधी पाहिला नव्हता.

चिमणी येऊन पर्स अडकवत होती. “ताई, आज इतक्या लवकर?”

“चिमणे, दिवा फडफडतोय का बघ गं याचा.”

चिमणी वाकली. “नाही की. चांगला आहे.”

“डावीकडे बघ. चमकतंय.”

“काही चमकत नाहीये ताई. मस्त आहे फरशी. ही तुमची का? अय्या, किती छान!” तिनं मान वर केली. “ताई?”

ती भिंतीकडे बघत होती. साध्या पांढऱ्या भिंतीकडे, जिथे घड्याळ आणि बीपीचं यंत्र होतं. तो उजेड भिंतीवर होता. घड्याळाचा अर्धा भाग त्यानं खाल्ला होता. तिनं डोळे मिटले आणि तो पापण्यांच्या आतही होता, तसाच सुंदर, दातेरी, न घाबरलेला. मग कुठूनतरी, अगदी शांतपणे, तिला स्वतःच्याच हातचं एक वाक्य आठवलं. मागच्या वर्षीच्या लेखात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तिनं लिहिलं होतं की आजारी बायकांपैकी काहींच्या सीरमनं बाटलीतल्या पेशींवर काहीच परिणाम होत नाही, याचं कारण कळलेलं नाही. ते तिनं लिहिलं होतं, वाचलं होतं, छापून आल्यावर पुन्हा वाचलं होतं. पहिल्यांदाच तिला भीती वाटली, साधी, उघडी भीती, अंधारात जिना चुकल्यावर वाटते ती.

“मला वर ने,” ती म्हणाली. “आत्ता.”

लिफ्टमध्ये चिमणी दुसऱ्या मजल्याचं बटण दाबतच राहिली. वॉर्डाच्या दारात सिस्टर नेहमीसारखी हसली. “आली का नाळवाली! आज नाही गं काही, आज कुणीच मोकळं झालेलं नाही.” मग तिचा चेहरा बघून सिस्टर हसायची थांबली, आणि कुणाला काही सांगावं न लागता एक खाट मोकळी झाली, पट्टा दंडाला गुंडाळला गेला, फुगला, हळूहळू उतरत गेला. सिस्टरनं तो पुन्हा फुगवला. मग तिनं मोठ्यानं डॉक्टरीणबाईंना हाक मारली. डॉक्टरीणबाई चालत येत होत्या त्या आकडा बघून पळत आल्या.

“डोकं दुखतंय? कधीपासून?”

“कालपासून. थोडं.”

“डोळ्यांपुढे काही?”

“दोन दिवस द्या मला,” ती म्हणाली. “बाळाच्या फुप्फुसांचं इंजेक्शन देऊन दोन दिवस थांबता येतं. मला माहितीये. पेशी चांगल्या आहेत. मी बघून आले, एकही फट नाही.”

डॉक्टरीणबाई तिच्या हातात सुई लावत होत्या. त्यांनी मान वर केली. “कोणाच्या पेशी?”

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. कुणाच्या होत्या? मागच्या पंधरवड्यात बाळंत झालेल्या कुठल्यातरी बाईच्या बाळाच्या. ती बाई, ते बाळ, दोघंही धडधाकट घरी गेली होती. बाटलीवर आकडा होता. नाव तिला माहीत नव्हतं. रात्रभर उबेत बसून कुणा परक्याच्या लेकराच्या पेशींनी तिला दिलासा दिला होता, आणि हे तिचं स्वतःचं लेकरू बरगडीखाली काल संध्याकाळपासून कमी वळत होतं, त्याला मात्र तिनं काही विचारलं नव्हतं.

“माझ्या नाहीत,” ती म्हणाली.

“इंजेक्शन देतो, सगळं देतो. पण दोन दिवस नाहीत आता आपल्याकडे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रागानं नाही, पण थांबूनही नाही. “दाब आटोक्यात आला की लगेच ऑपरेशनला घेतो. नवऱ्याला बोलवा कुणीतरी.”

मग शिरेतून आग चढत गेली. झटके येऊ नयेत म्हणून देतात त्या औषधाची, हेही तिला माहीत होतं, पण ते असं आतून भाजत जातं हे ठाऊक नव्हतं. दिवे वरून सरकत गेले. नवऱ्याचा चेहरा आला, शाळेतून तसाच धावत आलेला, हाताला शाई लागलेली. “अगं, काल विचारलं होतं ना मी तुला,” एवढंच तो म्हणाला. तिला म्हणायचं होतं की मला सगळं कळतं रे, फक्त माझंच कळलं नाही. पण जीभ जड झाली होती. “पाणी उतारानं वाहतं,” ती म्हणाली, आणि त्यानं मान डोलावली, सगळं समजल्यासारखी. मग कुणीतरी पोटाच्या आत हात घालून टेबलाच्या खणात काहीतरी शोधावं तसं शोधलं, न दुखता. मग ते ओझं उचललं गेलं. आवाज आला नाही. कुठलाच आवाज येत नव्हता. पडद्यापलीकडे पावलं भराभर एका कोपऱ्याकडे गेली, आणि ती वाट बघत राहिली, आणि वाट बघता बघता तिला कळलं की आयुष्यात आजपर्यंत आपण जी वाट बघितली ती सगळी सोपी होती. मग एक बारीक आवाज आला, रडणं म्हणावं इतकाही नव्हे, दार किंचित करकरावं एवढाच. कुणीतरी म्हणालं, मुलगी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरनी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं, मागे नवरा सलाइनची बाटली उंच धरून. त्या खोलीत उकडत होतं आणि सगळे हळू बोलत होते. काचेच्या पेटीत ती होती. मुठीएवढं तोंड, नाकात नळी, छाती भराभर खालीवर, आणि कातडी इतकी पातळ की आतल्या सगळ्या बारीक नळ्या निळसर दिसत होत्या. बाहेरचं कापड अजून विणून व्हायचं होतं आणि नुसतं अस्तरच पुढे आलं होतं. “अजून दोन-चार दिवस सांगता येत नाही,” तिथले डॉक्टर म्हणाले. ते लहानांचे डॉक्टर, खूप तरुण, डोळे लाल झालेले. “पण लढतेय.”

“पेशंट तुम्हीच आहात अजून,” सिस्टर तिला म्हणाली. “लवकर आटपा. हात धुतलेत ना?”

तिनं गोल खिडकीतून हात आत घातला. सुजलेली, स्वतःची वाटू नयेत अशी बोटं. त्या बोटांनी इतक्या वर्षांत किती नाळा पिळल्या असतील, पण हिचं काय धरावं ते त्यांना कळेना. डॉक्टर म्हणाले, “तळपाय दाबून बघा. अगदी हलकं. आम्ही दर थोड्या वेळानं हेच बघतो.”

“कशासाठी?” नवऱ्यानं विचारलं.

“दाबलं की पांढरं होतं. सोडलं की रंग किती लवकर परत येतो, ते बघायचं.”

तिला यातलं सगळं ठाऊक होतं. कोणत्या नळ्या दाबल्या जातात, कुणी सैल सोडतं, कुणाच्या सांगण्यावरून. तळपाय तिच्या अंगठ्यापेक्षा फार मोठा नव्हता. तिनं बोट टेकवलं, दाबलं आणि उचललं. तिथे एक पांढरा ठिपका उमटला. खोलीतली यंत्रं वाजत होती आणि तिला त्यांतलं एकही ऐकू येत नव्हतं. ठिपका पांढराच होता. ये, ती म्हणाली, मनात की मोठ्यानं ते तिला कळलं नाही, ये गं, ये. मग त्या पांढऱ्याच्या कडा ओलसर झाल्यासारख्या झाल्या, आणि चारही बाजूंनी गुलाबी रंग आत आला, आणि ठिपका कुठे होता तेही दिसेनासं झालं.

“आला का?” मागून नवऱ्यानं विचारलं. त्याला तिथून दिसत नव्हतं.

धुऊनही शाई न गेलेला त्याचा मोकळा हात ओढून तिनं दुसऱ्या खिडकीपाशी नेला.